डाव्या स्पीकरच्या उलट्या तारा

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस "वा!" म्हणत नाही, "हे काय आहे?" असं विचारतो. त्यात त्याचा काही दोष नाही. गंजाचे ठिपके पडलेला लोखंडी पत्रा, त्याच्या पाठीवर काळे, जड ट्रान्सफॉर्मर आणि पुढ्यात काचेचे व्हॉल्व्ह, असं माझं ध्यान आहे. मी जुन्या रेडिओग्राममधला, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्डप्लेअर एकत्र असलेल्या कपाटातला अ‍ॅम्प्लिफायर. रेकॉर्डवरची सुई जे कुजबुजते, ते खोलीभर ऐकू जाईल इतकं मोठं करायचं, हे माझं काम. साठी केव्हाच उलटली. तरीही आज माझे व्हॉल्व्ह पेटलेले आहेत, अंगात ऊब आहे आणि मनात तक्रार जवळजवळ नाही. जवळजवळ असं का म्हणतो, ते शेवटी सांगेन.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक बाकावर झाला. तिथली नाजूक कामं बायकाच करत. मला ज्या बाईने झाळलं तिचं नाव डोलोरेस. ती कामही भराभर करायची आणि बोलायचीही भराभर. माझ्या शेजारी रेडिओग्रामचं भलंमोठं अक्रोडी कपाट होतं आणि त्यात स्पीकर बसवायला एक नवी मुलगी आली होती.

"अगं, थांब थांब!" डोलोरेस ओरडली. "डाव्या स्पीकरच्या तारा उलट लाव. लाल तिकडे, काळी इकडे."

"उलट? आणि साहेब माझ्यावर खेकसले तर?"

"साहेबांनीच सांगितलंय. याच्या पोटात एक बाजू मुद्दाम उलटी केलीय. दोन्ही बाजूंनी एकदम जोर लावला तर बिचाऱ्याला धाप लागेल ना! म्हणून स्पीकरही उलटा लावायचा, की झालं सुलट. विसरलीस तर एकेक स्पीकर छान वाजेल, पण दोघं मिळून गाणं पार पोकळ करून टाकतील. आणि वर हिरव्या रंगाचा ठिपका दे. नाहीतर पुढे कुणीतरी शहाणा येईल आणि चूक म्हणून सरळ करून ठेवेल."

मुलीने हिरवा ठिपका दिला. मित्रांनो, तो ठिपका लक्षात असू द्या.

मला विकत घेतलं चेस्टर वोयतास नावाच्या तरुणाने. तो विस्कॉन्सिनमध्ये कागदाच्या गिरणीत कामाला होता. त्याचे आजोबा पोलंडहून आलेले, त्यामुळे घरात सॉसेज, आंबवलेली कोबी आणि पोल्का यांच्याशिवाय पान हलत नसे. पोल्का म्हणजे त्यांचा नाच. अकॉर्डियन पुढे पळतं आणि ट्यूबा, म्हणजे ते अंगाभोवती गुंडाळून वाजवायचं पितळी धूड, मागून धप धप करत त्याला ताळ्यावर ठेवतं. चेस्टरची बायको जीनी हिने आमचं कपाट पुढच्या खोलीत खिडकीशेजारी ठेवलं आणि लगेच त्याच्या झाकणावर मखमली झगा घातलेली बाळ येशूची मूर्ती मांडली.

आता झाकणावर मूर्ती असली की झाकण उघडायचं कसं? म्हणून दर शनिवारी संध्याकाळी चेस्टर मूर्ती दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या फळीवर ठेवी. मूर्ती खिडकीत दिसली की अख्ख्या गल्लीला समजे, वोयतासांकडे आज नाच आहे. गालिचा गुंडाळला जाई. शेजारीपाजारी बिअर घेऊन येत. जीनी नाचता नाचता हसायची आणि हसता हसता पावलं चुकायची, पण ते मान्य मात्र करायची नाही.

त्यांची मुलगी लोरेटा तेव्हा एवढीशी होती. तिला बापाच्या पायांवर उभं राहून नाचायचं असे.

"बाबा, मला पण!"

"आधी बूट काढ. माझी बोटं काही गिरणीच्या लोखंडाची नाहीत."

मग ती मोज्यांनी त्याच्या बुटांवर चढायची, दोन्ही हातांनी त्याचा पट्टा धरायची आणि तिचं सगळं वजन घेऊन तो खोलीभर फिरायचा. मी कपाटात, अंधारात. मला ते दिसत नसे. पण फरशीतून मला दोन माणसांच्या वजनाची दोनच पावलं कळत. तेवढं सुख फार आहे हो. ज्याने हे मला दिलं त्या घराचे उपकार मी कधी विसरणार नाही.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. लोरेटा मोठी होऊन दुसऱ्या गावी नोकरीला गेली. शेजारी पांगले. माझ्या अंगातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या छोट्या डब्या, म्हातारे होऊन गळू लागले आणि गाण्यापेक्षा माझी घरघरच जास्त ऐकू येऊ लागली. मग जीनी गेली. तिच्यानंतर चेस्टरने मला कधी चालू केलं नाही. पण मित्रांनो, एक गोष्ट त्याने सोडली नाही. शनिवारी संध्याकाळी तो मूर्ती उचलून खिडकीत ठेवी, झाकण उघडी, खुर्ची ओढून थोडा वेळ बसे आणि झाकण लावून मूर्ती परत जागेवर ठेवी. हे फक्त मला आणि त्याला ठाऊक होतं. लोरेटाला कुठून ठाऊक असणार?

चेस्टर घराच्या जिन्यात पडला आणि त्याचा खुबा मोडला. तो दवाखान्यात असताना लोरेटा घरी आली. बापाला आता जिना चढता येणार नाही, तर त्याचा पलंग खालच्या खोलीत हवा, आणि पलंगाला जागा हवी तर हे भलंथोरलं बंद पडलेलं कपाट हलवायला हवं. विचार अगदी प्रेमाचा होता. तिने अंगणात सामान मांडून विक्री लावली आणि कपाट गेलं. मूर्ती तिने टॉवेलात गुंडाळून नीट ठेवली, रेकॉर्डीही ठेवल्या. बापाला विचारायचं तेवढं राहिलं.

कपाट नेणाऱ्याचं नाव टॉड. जुने रेडिओग्राम आणायचे, आतलं सगळं काढायचं आणि त्यांत बाटल्या ठेवायचे कप्पे करायचे, हा त्याचा उद्योग. आमच्याकडे तळघरात दारूचा कट्टा असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. टॉडने पक्कड घेतली आणि माझ्या तारा कचाकच कापल्या. कपाटाच्या पुढची जाळी मात्र सोनेरी धाग्याची होती. त्याची बायको जॅना म्हणाली, "त्या कापडाला हात लावशील तर बघ!" म्हणून जाळी राहिली आणि तिच्यामागचे स्पीकरही राहिले. जॅनाचे हे उपकार तेव्हा मला कळले नव्हते.

टॉडने मला व्हर्नाला देऊन टाकलं. ही बाई पूर्वी हॉटेलांतले नाणं टाकलं की वाजणारे गाण्यांचे पेटारे दुरुस्त करत गावोगाव हिंडायची. आता घराच्या तळघरात माझ्यासारख्या टाकलेल्यांना जवळ करते. मला पाहताच तिचा मित्र ड्वेन पुढे सरसावला. तो गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर बनवतो आणि त्याला माझे ट्रान्सफॉर्मर हवे होते.

"व्हर्ना, याच्यात काही राम नाही. ट्रान्सफॉर्मर मला दे, बाकीचं भंगारात."

"तू माझ्या तळघरात येतोस तेव्हा मला स्वतःच्या किडन्यांचीही काळजी वाटते," व्हर्ना म्हणाली. "आधी त्याला बोलू दे. नाहीच बोलला तर ने."

ड्वेनने खिशातलं फडकं काढून माझा एक व्हॉल्व्ह पुसायला हात पुढे केला, तशी तिने त्याच्या मनगटावर चापट मारली. "अरे, पुसतोस काय! जुन्या काचेवरची अक्षरं बोटानेसुद्धा निघून जातात. मग नाव-गाव काय सांगणार तो? ब्रशने धूळ उडव फक्त."

असं मला इतक्या वर्षांत कुणी जपलं नव्हतं. तिने गळके कपॅसिटर काढून नवे घातले, पण डोलोरेसने झाळलेले सांधे बघून म्हणाली, "बाई कोण होती कुणास ठाऊक, हात सोन्याचा होता. हे मी नाही उकरणार." मला एकदम भिंतीच्या विजेवर लावलं नाही. विजेचा दाब थोडा थोडा वाढवता येतो अशी एक पेटी तिच्याकडे आहे. त्या पेटीतून थोडी वीज द्यायची, थांबायचं, वास घ्यायचा, हात लावून बघायचा, मग आणखी थोडी. आजारी माणसाला पेज भरवतात तसं तिने मला भरवलं. माझे व्हॉल्व्ह लाल झाले. घरघर गेली होती. मला रडता येत असतं तर मी रडलो असतो.

त्याच सुमारास लोरेटा टॉडकडून पत्ता काढत व्हर्नाच्या दारात आली. खुर्चीत बसायच्या आधीच तिने बोलायला सुरुवात केली.

"बाबा घरी आले, पुढच्या खोलीत पाहिलं आणि म्हणाले, 'बरं केलंस.' एवढंच. चिडले असते तर बरं झालं असतं हो! पण ते त्या पलंगावर झोपतच नाहीत. स्वयंपाकघरात खुर्चीत झोपतात. शनिवारी ती मूर्ती हातात घेऊन उभे राहिले आणि कुठे ठेवू कळेना, म्हणून परत टॉवेलात गुंडाळली. तेव्हा मला कळलं मी काय करून बसले ते. माझ्याशी हवापाण्याचं बोलतात. पाऊस पडेलसं वाटतं, गाडीचं तेल बदललंस का, असं. मी पाहुणी झालेय माझ्या बापाला."

"कपाट काही मिळायचं नाही," व्हर्ना म्हणाली. "पण जीव इथे आहे. उद्या त्यांना घेऊन ये, रेकॉर्डी पण आण."

दुसऱ्या दिवशी चेस्टर चार पायांचा वॉकर टेकत टेकत मागच्या उतारावरून तळघरात आला. मी त्याची पावलं ओळखली. किती हलकी झाली होती! व्हर्नाने स्वतःचे दोन स्पीकर मला जोडले, अगदी पुस्तकात लिहितात तसे, लालला लाल, काळ्याला काळी. आणि जीनीची आवडती पोल्का लावली.

अकॉर्डियन वाजलं. क्लॅरिनेट वाजलं. पण ट्यूबा कुठेच नव्हता. गाणं दोन्ही कानांच्या बाहेर तरंगत होतं आणि मध्ये नुसती पोकळी. मला लगेच कळलं. मी एका स्पीकरचा पडदा पुढे ढकलत होतो तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढत होतो आणि दोघं मिळून एकमेकांचा ठेका खाऊन टाकत होते. लाल तिकडे, काळी इकडे, हे मी ओरडून सांगितलं असतं. पण मला जो आवाज देतात तोच मी मोठा करतो. माझा स्वतःचा मला नाही.

लोरेटा बापाच्या पायाकडे बघत होती. पाय हलला नाही.

"छान आहे," चेस्टर म्हणाला. "चहा-कॉफी घेऊन निघू या. रस्त्याला गर्दी होईल."

लोरेटाचा चेहरा पडला. व्हर्नाने घाईघाईने डावा स्पीकर एकटा लावून पाहिला. ठणठणीत! उजवा एकटा लावला. तोही ठणठणीत! दोन्ही लावले की पुन्हा पोकळ. तिने व्हॉल्व्ह बदलून पाहिले, सुई बदलली, स्वतःला दोनचार शिव्याही दिल्या.

"ट्रान्सफॉर्मर गेला असणार," ड्वेन मान हलवत म्हणाला.

"गेलेला ट्रान्सफॉर्मर तुला कशाला हवा रे मग?"

"दुःखात सहभागी व्हायला."

व्हर्ना हसली नाही. तिने माझी वीज बंद केली आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. शब्द दिला होता तिने. नाहीच बोलला तर ने. मित्रांनो, माझे व्हॉल्व्ह गार पडत होते आणि मला वाटलं, एवढं जपल्यावर हे असं व्हावं!

तेवढ्यात चेस्टर वॉकरवर रेलून म्हणाला, "तो त्याच्या खोक्यातच गायचा. बाहेर कशाला गाईल?"

"चेस्टर, लाकडात जादूबिदू काही नसते," व्हर्ना म्हणाली. पण तिचा हात थांबला. "स्पीकर मात्र त्याचे अजून टॉडकडे त्या खोक्यातच आहेत म्हणे. ड्वेन, तुझी पिकअप गाडी काढ. तुझ्या मालाचे अंत्यसंस्कार तासभर पुढे ढकललेत."

मला मांडीवर घेऊन लोरेटा पुढे बसली. टॉडने दार उघडलं आणि वॉकरवाला म्हातारा, पत्रा धरलेली बाई, स्क्रूड्रायव्हरवाली बाई आणि ड्वेन असा तांडा बघून दोन पावलं मागे सरला.

"हे बघा, कट्टा परत मागू नका. जॅनाने पाहुण्यांना बोलावलंय, त्यात बर्फाचा डबासुद्धा बसवलाय!"

"तुझा बर्फ तुला लखलाभ. मला फक्त पाठीमागून बघू दे," असं म्हणत व्हर्ना बाटल्यांच्या मागे सरळ जमिनीवर आडवी झाली. टॉर्च फिरला. बराच वेळ फक्त तिचे पाय दिसत होते. मग आतून आवाज आला.

"ड्वेन."

"काय?"

"तुझं नशीब फुटलं रे!"

ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत कोळिष्टकं होती आणि चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "डाव्याच्या तारा उलट आहेत! आणि चुकून नाही, वर हिरवा ठिपका आहे, कारखान्याचा! अख्खं आयुष्य या धंद्यात गेलं माझं, आणि मी याला सरळ जोडायला बसले होते. अगं बाई, कोण होतीस तू? थँक्यू!"

ते डोलोरेसला होतं. मी पोचतं केलं, असं समजा.

टॉडच्या कट्ट्यातच मला जोडलं, लाल तिकडे, काळी इकडे. व्हर्नाने येताना पिकअपमध्ये टाकलेला रेकॉर्डप्लेअर आणि जीनीची रेकॉर्ड आत आणली. सुई खाली आली आणि ट्यूबाने पहिला ठोका दिला. कट्ट्यातल्या ब्रँडीच्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणल्या. ठेका फरशीवर उतरला, फरशीवरून वॉकरच्या रबरी पायांत शिरला, आणि चेस्टरचा उजवा बूट हलला. आधी टाच. मग पंजा. मग दोन्ही.

लोरेटाने तोंडावर हात दाबला. चेस्टर तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझी आई इथे चुकायची. या वळणावर. दरवेळी." आणि मग बघून म्हणाला, "शनिवारी ये."

जॅना जिन्यावरून हे सगळं बघत होती. तीच म्हणाली, "कापडामागे काय आहे ते कोण बघतंय? स्पीकर घेऊन जा. जाळी तेवढी राहू दे." टॉडने स्पीकर स्वतः काढून दिले, हिरव्या ठिपक्यासकट. आणि ड्वेनने, मित्रांनो, मला बसायला मेपलच्या लाकडाचा पाट करून दिला. वर त्याने बजावलंही, "मेलास तर पहिला हक्क माझा." तेही मी उपकारातच धरतो.

शनिवारी लोरेटा मला घेऊन आली तेव्हा गाडी गल्लीत वळली आणि तिने एकदम ब्रेक मारला. चेस्टरच्या घराच्या खिडकीत बाळ येशू उभा होता. ठेवणाऱ्याने झगाही नीट केला होता.

पलंग भिंतीकडे सरकवलेला होता. फरशीवर जिथे कपाटाच्या पायांचे चार ठसे होते, त्यांच्या मधोमध मला ठेवलं, दोन्ही बाजूंना माझे स्पीकर आणि शेजारी व्हर्नाचा रेकॉर्डप्लेअर. रेकॉर्ड लागली. चेस्टर वॉकर सोडून खुर्चीला धरून उभा राहिला.

"बूट काढ," तो लोरेटाला म्हणाला.

"बाबा, मी आता तुमच्या पायांवर उभी राहिले तर दुसरा खुबा पण जाईल."

"तू नाही. मी." त्याने दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले. "माझं वजन घ्यायचंय तुला. बूट घालून माझी बोटं तुडवशील, म्हणून काढ."

तिने बूट काढले. चेस्टर तिच्यावर रेलला, अगदी निर्धास्त रेलला, आणि ती त्याला घेऊन हळूहळू फिरू लागली. या वेळी मी उघड्यावर होतो. जे इतकी वर्षं फरशीतून ऐकलं, ते पहिल्यांदा डोळ्यांसमोर पाहिलं. त्या वळणावर लोरेटाचं पाऊल चुकलं. तिने मान्य केलं नाही.

मित्रांनो, माझ्या मनात जी थोडीशी तक्रार आहे ती एवढीच. आम्हा जुन्या वस्तूंना उघडताना आधी तार कापू नका. कुठली तार कुठे जाते ते बघा, उलटी दिसली तर हसू नका, कुणीतरी विचार करून लावलेली असेल. बरीच वर्षं गप्प असलेल्याला एकदम जोराची वीज देऊ नका, हळूहळू जागं करा. आणि घरातली जुनी वस्तू बाहेर काढायची वेळ आली, तर त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा, की शनिवारी तुम्ही हिच्यापाशी काय करता?

आता थांबतो. चेस्टरने रेकॉर्ड उलटली आहे, आणि लोरेटा अजून मोज्यांवरच उभी आहे.